यात रॅम राहिला नाही

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते मी मिनिटांत कधी मोजलं नाही. आमच्याकडे ते फेऱ्यांमध्ये मोजतात. सकाळी बटण दाबायचं, चपला चढवायच्या, नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याकाठी एक चक्कर मारायची, येताना दुधाची पिशवी घ्यायची. घरी पोचेपर्यंत पडद्यावर खिडकीचं चित्र उमटलेलं असतं. मग चहा. चहा उकळेपर्यंत एकेक आयकॉन, पहिली पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा, अवघडून आपापल्या जागी येऊन बसतो. पावसाळ्यात मी फिरायला जात नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर जास्त हळू चालतो, असं आमच्या सौ.चं निरीक्षण आहे.

हा कॉम्प्युटर २०१३ साली असेंबल करून घेतलेला. असेंबल्ड कॉम्प्युटर म्हणजे वेगवेगळ्या घरांतून आलेली मंडळी एका डब्यात कोंबलेली. कुणाच्या वागण्याची हमी कुणी घेत नाही. तरी तो तेरा वर्षं टिकला. पण मध्यंतरी मी सोसायटीचा खजिनदार झालो. ज्या सर्वसाधारण सभेला मी गेलो नव्हतो, तिथे माझी एकमताने निवड झाली. आमची इमारत सिडकोने बांधलेली, आता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आलेली. त्यामुळे मेंटेनन्सचा एक्सेल तक्ता, पुनर्विकासाच्या चौदा पीडीएफ, बँकेचं पान, व्हॉट्सॲप, शिवाय 'स्लॅबची गळती कोणाच्या खर्चाने' या विषयावर उघडून ठेवलेले ब्राउझरचे अठ्ठावीस टॅब, असा संसार त्या डब्यावर पडला. एका रविवारी तर एक्सेलमधला एक आकडा बदलला आणि तो बदललेला दिसेपर्यंत मी दाढी करून आलो.

घणसोलीहून भाचा आला होता. महापेच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरचंच काहीतरी करतो. त्याने तीन बटणं एकदम दाबून एक तक्ता उघडला. मेमरीपुढे ९६ टक्के लिहिलेलं होतं.

"मामा, यात रॅमच नाहीये," तो म्हणाला.

आई पलीकडे बिरडं सोलत बसली होती. तिने वरही न बघता सांगितलं, "मी दोन वर्षं तेच म्हणतेय. यात आता काही राम राहिला नाही."

निदान एकच, डॉक्टर दोन. पण उपचार काय करायचा ते कळायला आधी रोग कळावा लागतो. आईने विचारलं, रॅम म्हणजे नक्की काय रे? भाच्याने 'तात्पुरती स्मृती' वगैरे सुरू केलं, तेव्हा आईचा चेहरा निवडणुकीच्या प्रचारपत्रकाकडे बघताना होतो तसा झाला. मग मीच पुढे झालो. म्हटलं, "आई, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. सगळं सामान तिथे. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. आणि रॅम म्हणजे ओटा. हाताशी लागेल तेवढंच फडताळातून काढून ओट्यावर ठेवायचं, काम करायचं, परत फडताळात ठेवायचं. आपला ओटा चार जीबीचा आहे आणि आपण त्यावर लग्नाचा स्वयंपाक काढलाय."

"गिरगावात आपला ओटा दीड हात होता," आई म्हणाली. "त्यावर मी चौदा माणसांचं करायचे."

"कसं करायचीस?"

"परात ओट्यावर घेतली की विळी खाली. विळी लागली की परात खाली."

भाचा चमकला. कॉम्प्युटर नेमकं हेच करतो. ओटा भरला की नको असलेली भांडी तो खाली, म्हणजे हार्ड डिस्कवर उतरवतो आणि लागली की पुन्हा वाकून उचलतो. या वाकण्या-उचलण्यातच त्याचा जन्म जातो. आतून जो कर्रकर्र आवाज येतो तो त्याच्या कंबरेचा. आईला हे लगेच पटलं. तिला फक्त एवढंच कळेना, की ज्याला एक बेरीज करायला एवढी भांडी काढावी लागतात, त्याला हुशार का म्हणतात.

रॅमची आणखी एक गंमत मी रात्री वाचून काढली. आय.बी.एम.मधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचं पेटंट मिळालं, ती ही डीरॅम म्हणजे सूक्ष्म हंड्यांची एक अफाट रांग. हंडा भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. अडचण एवढीच, की सगळे हंडे गळके आहेत. म्हणून प्रत्येक हंडा ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तपासून पुन्हा भरावा लागतो. नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच विसरतो की त्याला काय आठवत होतं. आमच्या आईची पद्धत हीच आहे. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, पंप बंद केलास का, हे ती मला १९९४ पासून ठरावीक अंतराने विचारते. आमच्या घराला आजवर आग लागली नाही, त्याचं श्रेय अग्निशमन यंत्रणेला देता येणार नाही. फरक इतकाच की वीज गेली की रॅम सगळं विसरते. आईच्या आठवणी मात्र वीज गेल्यावर, पंखा बंद पडल्यावर, जास्तच वर येतात.

रॅम वाढवायची ठरलं. सोसायटीचं काम, म्हणून खर्चाचा विषय कमिटीपुढे ठेवला. ही दुरुस्ती धरायची की भांडवली खर्च, यावर पाऊण तास चर्चा होऊन विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. मी स्वतःच्या खिशातून घालायचं ठरवलं, तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला.

डबा उघडायचा मुहूर्त रविवार. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. कुणाच्याही घरात स्क्रू ड्रायव्हर बाहेर पडला की त्यांना वास लागतो. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आधी रबरी चप्पल घाला. विजेचं काम आहे." तेवढ्यात भाचा फोनवर ओरडला, "मामा, चप्पल काढ! प्लग काढ आणि डब्याच्या लोखंडाला हात लाव." अंगातली स्थिर वीज रॅमला लागली तर ती बसल्या जागी मरते म्हणे. साहेबांना ते पटेना. चाळीस वर्षं ते विजेपासून माणसाला वाचवत आले होते. माणसापासून यंत्राला वाचवायचं हे नवीन होतं. मी मधला मार्ग काढला. एका पायात चप्पल ठेवली. तशी भीती नव्हतीच. ही वीज कोरड्या हवेत, लोकरी कपड्यांवर साठते. नेरूळला मार्च महिन्यात लोकर घालणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि हवा अशी, की आपण घामानेच जमिनीशी जोडलेले असतो.

झाकण निघालं आणि आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो. आत धूळ होती, असं म्हणणं म्हणजे कोकणात पाऊस होता म्हणण्यासारखं. पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाची घोंगडी पांघरलेली. तिचे थर मला भूगर्भशास्त्रासारखे वाचता येत होते. सगळ्यात खालचा थर पारसिकच्या दगडखाणींचा. त्यावरचा आमच्या गल्लीतल्या रस्त्याचा, जो दर वर्षी होतो. सगळ्यात वरचा, बारीक आणि ताजा, तो बहुधा विमानतळासाठी सपाट केलेल्या उलव्याच्या टेकडीचा. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. त्याच्या उभारणीत आमच्या कॉम्प्युटरनेही आपला वाटा उचलला होता. कोपऱ्यात पालीची दोन अंडी होती, रिकामी. म्हणजे बाळंतपण सुखरूप झालेलं.

सौ.ने रंगवायचा जुना ब्रश दिला. सगळं झाडून, पुसून, रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवून बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून बाळ रडावं तसा लांबलचक आवाज. टीं. थोडं थांबून पुन्हा टीं. साहेब म्हणाले, "गेला." ते जरा घाईत बोलतात. मी आमच्या स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराला फोन लावला. त्याने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"काका, रॅम काढा, खोडरबरने घासा, परत लावा."

भारतात कॉम्प्युटर आल्यापासून दुरुस्तीचं जे काही शास्त्र वाढलं, त्यातला मूळ मंत्र हा आहे. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यांच्यावर मळ बसला की कॉम्प्युटरला स्मृती असूनही आठवत नाही. खोडरबराने दात घासले की आठवतं. मला हे फारच विलक्षण वाटलं. लिहिलेलं पुसायला ज्याचा जन्म झाला, त्यानेच आठवण परत आणायची! आणि खोडरबर घरात कुठे मिळणार? लेक शाळा सोडून सतरा वर्षं झाली. आईने आपल्या पोथीच्या पिशवीत हात घातला आणि अर्धं झिजलेलं, एका कडेला पेनाची शाई लागलेलं खोडरबर काढलं. ती शब्दकोडी पेन्सिलीने सोडवते. घासलं, बसवलं, टक् असा आवाज आला आणि कॉम्प्युटर एकदाच, छोटंसं 'टीं' म्हणाला. म्हणजे झोपमोड झाल्याची तक्रार आहे, पण उठतोय.

पट्टीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर डीडीआर ३ असं लिहिलं होतं. मी ते कागदावर उतरवलं, ऑनलाइन मागवताना कागद दुसऱ्या खोलीत राहिला आणि स्मरणशक्तीवर विसंबून मी डीडीआर ४ मागवली. स्मरणशक्ती मागवताना स्मरणशक्तीने दगा द्यावा हे योग्यच. पार्सल दोन दिवस उशिरा आलं, कारण ते आधी आमच्याच सेक्टर क्रमांकावर, पण खारघरला जाऊन आलं.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. आमच्या शहरात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आणि प्रत्येक उपनगराने आकडे पहिल्यापासून मोजले आहेत. वाशीला सेक्टर १७ आहे, खारघरलाही सेक्टर १७ आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'सतरा' सांगून डोळे मिटले की उघडतील तेव्हा आपण कुठल्या गावात असू हे त्याच्या मर्जीवर. डीडीआरचं तसंच आहे. पट्टी दिसायला तीच, लांबीला तीच, सोनेरी दातही तसेच. पण डीडीआर ३ ला २४० दात, डीडीआर ४ ला २८८. तिला दीड व्होल्ट लागतात, हिला सव्वाच्याही आत. आणि दातांच्या रांगेत जी एक खाच असते ती प्रत्येक पिढीत जरा सरकलेली. चुकीची पट्टी चुकीच्या घरात शिरूच नये म्हणून. मी ती डीडीआर ४ खाचेशी धरून बघितली. खाच जुळत नव्हती. साहेब म्हणाले, "कानस आहे माझ्याकडे." मी पट्टी गुपचूप पाकिटात परत घातली.

वाशीतल्या दुकानदाराने डीडीआर ३ म्हटल्यावर माझ्याकडे, जुनी चार आण्याची नाणी आणली असावीत तसं बघितलं. होती त्याच्याकडे एक, आठ जीबीची. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला. किंमत डोळ्यांनी ऐकायची नसते, पण सवय.

"इतकी?"

"काका, सगळ्याच रॅमचे भाव भडकलेत. सगळा माल एआयवाले उचलतात."

मला वाटलं, नेहमीचं कारण सांगतोय. कांदा महागला की जसा अवकाळी पाऊस पुढे करतात. पण तो खरं बोलत होता. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून त्यांनी आपला माल मोठ्या प्रमाणावर एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला, आणि डिसेंबरात मायक्रॉनने तर 'क्रुशल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला मेमरी विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. वाशीच्या एपीएमसीत पहाटे कुणी एकाने आख्खा ट्रक उचलावा आणि आपण पिशवी घेऊन भावाची चौकशी करत उभं राहावं, तसं झालं. बरं, हे ट्रक उचलणारे कुठे अमेरिकेतच आहेत असं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागा. ऐरोली, रबाळे, महापे, जिथे पूर्वी रसायनांच्या कारखान्यांमुळे नाकाला रुमाल लावावा लागायचा, त्या पट्ट्यात आता बिनखिडक्यांच्या थंडगार इमारती उभ्या आहेत. आत नुसती मेमरी. माझा भाचा रोज त्यातल्याच एका इमारतीत आयकार्ड दाखवून शिरतो. म्हणजे शेजारच्या घरात रॅमचे डोंगर, आणि मामा पट्टीभर आठवणीसाठी दारोदार. मी त्याला म्हटलं, "एखादी पडलेली असेल बघ तिथे." त्याने ते विनोद म्हणून घेतलं.

राहता राहिला लॅमिंग्टन रोड.

आईला सांगितलं, तर ती मोहरली. तिचं अर्धं आयुष्य गिरगावात गेलं, त्यामुळे लॅमिंग्टन रोड तिला तोंडपाठ. फक्त तिथे कॉम्प्युटर मिळतात यावर तिचा विश्वास बसेना. तिच्या लेखी तो सिनेमाचा रस्ता. "मिनर्व्हाला शोले पाच वर्षं चालला. तुझ्या बाबांनी मला तो तीनदा दाखवला, दुसरं काही सुचायचं नाही त्यांना," ती म्हणाली. आणि मग तिने पत्ता सांगितला: मिनर्व्हाकडे तोंड करून उभं राहा, उजव्या हाताच्या गल्लीत एक रेडिओवाला होता, त्याला विचार.

नेरूळहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून धीम्या लोकलने ग्रँट रोड. उतरलो तर रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाणंही डी. बी. मार्ग. पण टॅक्सीवाले, दुकानदार, गिऱ्हाईक, कुणाच्याही तोंडी लॅमिंग्टनच. या लॅमिंग्टनसाहेबांची मला गंमत वाटते. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, तिथे त्यांच्या घराण्याच्या नावाने खोबऱ्यात घोळवलेला एक चॉकलेटी केक आहे आणि तो अजून खातात. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हे लॅमिंग्टनही होते. एवढं सगळं करून माणूस उरला कशात, तर केकात आणि रॅमच्या दुकानांत. पाटी बदलून वर्षं लोटली. पण लोकांच्या तोंडात जे एकदा बसलं ते खोडरबराने जात नाही.

मिनर्व्हा तर आता नाहीच. नसलेल्या थिएटरकडे तोंड करून कसं उभं राहायचं? एका कॉम्प्युटरवाल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "मिनर्व्हा कौनसा मॉडेल?" शेवटी पानाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने तोंडातला तोबरा न सांडता हनुवटीनेच दिशा दाखवली. उजव्या हाताची गल्ली सापडली. रेडिओवालाही सापडला. म्हणजे त्याचा नातू. रेडिओच्या जागी मदरबोर्डं लटकत होती.

"डीडीआर थ्री? नवी पायजे की चालती पायजे?"

या प्रश्नात जे तत्त्वज्ञान होतं ते मी घरी येईपर्यंत चघळत होतो. मी म्हटलं, चालती द्या. त्याने खोक्यातून पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि, आई शपथ, खिशातून खोडरबर काढून तिचे दात घासले. मग एका उघड्यावाघड्या मदरबोर्डात खुपसून पडद्यावर आठ जीबी दाखवली. "वॉरंटी?" "टेस्टिंग वॉरंटी." म्हणजे आत्ता बघितलीत ना, ती.

परतीच्या लोकलमध्ये पट्टी शर्टाच्या खिशात होती. वजन दहा-पंधरा चिंचोक्यांइतकं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला आणि १९६० साली चालू झालेला टिफ्रॅक मला आठवला. १९६२ साली त्याला हे नाव पंडित नेहरूंनी दिलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि त्याची मेमरी होती २,०४८ शब्द, एकेक शब्द चाळीस बिटांचा. हिशेब केला तर जेमतेम दहा किलोबाइट. म्हणजे माझ्या खिशात या क्षणी आठ लाखांवर टिफ्रॅक होते, आणि मला बसायला तिसरी सीट मिळाली होती. त्या दहा किलोबाइटमध्ये देशाचे शास्त्रज्ञ गणितं सोडवत. माझ्या आठ जीबीमध्ये 'सुप्रभात' लिहिलेली गुलाबाची फुलं उघडणार.

घरी आल्या आल्या पट्टी बसवली. दोन्ही बाजूंनी टक् टक्. जुनी चार, नवी आठ. बारा जीबीचा ओटा. आई मुद्दाम खुर्ची घेऊन बसली. बटण दाबलं. वेळ तेवढाच लागला. पण म्हटलं, नवी सून आहे, रुळेल. मग माहितीचं पान उघडलं आणि तिथे एक ओळ होती, जी मी दोनदा चष्मा बदलून वाचली. बसवलेली मेमरी १२ जीबी. वापरण्याजोगी ३.२४ जीबी.

भाच्याला फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग: "मामा, तुझं विंडोज बत्तीस बिटचं आहे?" तेरा वर्षांपूर्वी ज्याने ते टाकलं, त्याने मला हे विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. लग्नातसुद्धा माणूस किती प्रश्न विचारतो!

तर गोष्ट अशी. मेमरीत प्रत्येक खोलीला पत्ता लागतो. बत्तीस बिटांत लिहिता येतील असे पत्ते आहेत ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. म्हणजे चार जीबी. त्यापुढे तुम्ही कितीही घरं बांधा, पत्ताच नाही तर पोस्टमन जाणार कसा? बरं मग पूर्ण चार तरी का नाहीत? तर त्यातले काही पत्ते पडद्याच्या कार्डासाठी आणि इतर यंत्रांसाठी राखून ठेवलेले असतात. हे वाक्य ऐकताच मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. सार्वजनिक सुविधांसाठी राखीव भूखंड! सिडकोच्या घरात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कळणार नाही?

खरं म्हणजे आमचं आख्खं शहरच असंच बसवलेलं आहे. मुंबईचा ओटा भरून वाहू लागला, परात खाली आणि विळी वर होऊ लागली, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात सुचवलं, की खाडीपलीकडे दुसरी पट्टी घाला. १९७० साली सिडको निघाली, १९७३ साली वाशीचा पूल झाला. शहर बसवलं. आणि मग वर्षानुवर्षं पट्टी बसवलेली, पण यंत्राला दिसत नाही, अशी अवस्था. मुंबईकर विचारायचा, "वाशी? तिथे कोण राहतं?" लोकल खाडी ओलांडून वाशीला आली १९९२ च्या मे महिन्यात. तोवर बसवलेली नवी मुंबई आणि वापरण्याजोगी नवी मुंबई यांत बारा आणि सव्वातीनचाच फरक होता. आम्ही नेरूळला आलो तेव्हा गिरगावातल्या आमच्या मावशीने निरोप देताना असा हात हलवला होता, की आम्ही बोटीने चाललोय.

शनिवारी भाचा पेन ड्राइव्ह घेऊन आला. बत्तीस बिटचं काढून चौसष्ट बिटचं विंडोज घातलं. दुपारभर टक्के मोजत बसलो. संध्याकाळी ती ओळ पुन्हा उघडली: १२ जीबी. सगळे. अठ्ठावीस टॅब, चौदा पीडीएफ, एक्सेल, व्हॉट्सॲप, सगळं एकदम उघडून ठेवलं आणि हवं त्यावर टिचकी मारली की ते पुढ्यात हजर. साहेबांना मुद्दाम वर बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं." काय म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

फक्त सुरू व्हायला अजून तळ्याची एक चक्कर लागते. भाच्याला म्हटलं, "हे काय रे?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "मामा, सुरू व्हायचा वेळ रॅमवर नसतो. तो हार्ड डिस्कवर. खरं तर तू एसएसडीच घालायला हवी होतीस."

"हे तू आत्ता सांगतोस?"

"तू रॅम विचारलंस."

आतून आईचा आवाज आला, "आता काय म्हणतोय तो?"

"म्हणतो, ओटा झाला, आता फडताळ बदला."

"बदला की. पण बदलायचं तर आधी रिकामं करायला लागेल," आई म्हणाली. "आत काय काय आहे ते आठवतंय का तुला?"

मी फडताळ उघडलं. वरच्याच कप्प्यात 'न्यू फोल्डर' नावाची सतरा फोल्डरं होती, एक ते सतरा आकडे घातलेली. सतराव्यात सोसायटीच्या एका पावतीचा फोटो निघाला. रक्कम स्पष्ट, तारीख स्पष्ट, आणि पत्त्याच्या जागी नुसतं: सेक्टर १७.